कळलावीचे बोळे

"बाई, तो कांदा उघड्या हाताने धरू नका हं!"

मोघेबाई दचकल्याच. फारमाच्या मागच्या कुंपणाशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि खुरप्याने माती उकरत होत्या. सकाळचे साडेसात झाले असतील. बाकीच्या बाया अजून फाटकाशी हजेरीला होत्या. बाईंच्या एका हातात रबरी मोजा, दुसरा मोजा काढून मांडीवर ठेवलेला, आणि शेजारच्या पिशवीत नांगराच्या फाळासारखे वाकडे चार कांदे. कळलावीचे. वर कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं नुसती पेटलेली.

"तुम्हाला माहीत आहे हे काय आहे ते?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घरात आणलं तर भांडणं लागतात, पोटात गेलं तर माणूस जातो. भाजीबिजी करता की काय?"

त्या हसल्या. "नाही हो. कामासाठी हवेत. पण कौतिकाबाई, एवढ्यात कुणाला बोलू नका."

झालं! मला कुणी 'कुणाला बोलू नका' म्हटलं की माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. माझा स्वभावच तसा. सासू म्हणायची, ही देवाच्या प्रसादातही खडा शोधते. काम करताना मागे कुणी उभं राहिलेलं तर मला बिलकूल खपत नाही. बाजूला व्हा म्हणते, मग साहेब असो की साहेबाचा बाप.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. आमच्या गावाला लागून सरकारी कापसाचं फारम होतं. नवीन वाण काढायचं काम चालायचं तिथे. मी अकरा वर्षं रोजंदारीवर होते आणि त्या दिवाळीनंतर कायम होणार होते. काम काय, तर कपाशीची लगीनं लावायची. दुपारी उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्यातला नर अलगद कातरून काढायचा, वर कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून तिला लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. त्यासाठी आम्ही सगळ्याजणी उजव्या अंगठ्याचं नख वाढवायचो. बाजारात नुसत्या नखावरून लोक ओळखायचे, ही फारमातली.

आमचे सरनोबत साहेब म्हातारे झाले होते, पण त्यांचं वेड काही म्हातारं झालं नव्हतं. देशी कापूस काटक, पाणी नसलं तरी तग धरतो, तुडतुड्याला दाद देत नाही. पण धागा आखूड. अमेरिकन कापसाचा धागा लांब, पण झाड नाजूक. दोघांचा संकर करायचा, हा त्यांचा हट्ट. आता ही दोन झाडं दिसायला सारखी असली तरी जातच वेगळी. मी एका हंगामात चौदाशे फुलं केली. जवळजवळ सगळी गळाली. नऊ बिया हाती आल्या आणि त्यांतून तीन झाडं जगली. माझ्या हातची तीन झाडं!

आणि काय झाडं सांगू! पुरुषभर उंच, पानं तुकतुकीत, फुलं तर खच्चून. पण एकही फूल टिकेना. तीन वर्षांत एक बोंड नाही. "नुसती नटवी आहेत मेली," बाया म्हणायच्या. मला ते जिव्हारी लागायचं. त्या वर्षी वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की दिवाळीपर्यंत बोंड धरलं नाही तर झाडं उपटा आणि जागा मोकळी करा. साहेब मार्चमध्ये रिटायर होणार होते.

आणि नेमक्या त्याच वरच्या ऑफिसातून, ज्येष्ठात, ह्या मोघेबाई आल्या. पुण्याकडच्या, तिशीही न गाठलेल्या, बोलणं गोड. साहेबांनी तिन्ही झाडं त्यांच्या ताब्यात देऊन टाकली. कानामागून आली आणि तिखट झाली! आता तुम्हीच सांगा, ज्यांना झाडं उपटायची आहेत त्यांनीच धाडलेली बाई, कुंपणाखालून विष खणते आणि म्हणते कुणाला बोलू नका. मी काय समजायचं?

तरी मी सरळच विचारलं. त्या दिवशी मी कळ्या करत होते आणि त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा बाई. मागे उभं राहिलेलं चालत नाही मला."

त्या निमूट समोर आल्या.

"त्या कांद्यांचं काय करणार?"

"आपल्या झाडांना का बोंड धरत नाही, माहीत आहे?"

"वांझ आहेत म्हणून."

"वांझ का आहेत?" त्या बांधावर बसल्या. "देवळाबाहेर चपला काढलेल्या असतात ना, तशा झाडाच्या प्रत्येक पेशीत बारीक काड्या असतात. गुणसूत्रं म्हणतात त्यांना. देशी कापसाकडून तेरा आल्या, अमेरिकनकडून सव्वीस. एकूण एकोणचाळीस. बी धरायचं तर प्रत्येकीला जोड पाहिजे. काहींना कसाबसा मिळतो, पण तेरा एकट्याच उरतात. मग पराग फुकट, फूल फुकट."

"मग?"

"प्रत्येक काडीची दुसरी काडी केली तर? अठ्ठ्याहत्तर होतील, आणि प्रत्येकीला अगदी तिच्यासारखा जोड. त्याचं औषध परदेशातून येतं. साहेबांनी केलेली मागणी चार महिने वर पडून आहे. पण तेच औषध कळलावीत असतं."

"मग लपवता कशाला?"

"वरच्यांना विचारलं तर तेही पडून राहील."

ऐकायला सगळं गोड. पण विष घातलं की एका चपलेच्या दोन होतात, हे कुणाला पटेल? मला काही पटलं नाही. मी मान हलवली आणि लक्ष ठेवायला लागले.

श्रावणातल्या एका सोमवारी बाईंनी सुरुवात केली. प्रयोगशाळेचं दार लावून कांदे वाटले, रस काढला. सकाळी आठ वाजता कापसाचे बोळे त्या रसात भिजवून तिन्ही झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर बसवले आणि ओल टिकावी म्हणून वर मेणकापडाची टोपी बांधली. चार दिवस, चोवीस तास हे असंच राहणार, रोज सकाळी ताजा रस घालणार, असं म्हणाल्या.

चोवीस तास!

माझी आई सुईण होती. दहा गावांत तिचं नाव होतं. बाई अडली, कळा थांबल्या, की आई कळलावीचा कांदा सहाणेवर उगाळून तिच्या तळपायांना लेप लावायची. पण त्याआधी माझ्यावर ओरडायची, "आधी पाणी भरून ठेव, मग कांदा काढ." कारण मूल बाहेर आलं की त्या घटकेला तळपाय धुवायचे. एक घटका उशीर झाला तर लेप बाईचा जीवच ओढून घेईल, असं ती म्हणायची. ते धुवायचं काम माझं. आठ वर्षांची असल्यापासून मी तांब्या घेऊन दाराशी बसलेली. आणि ही बाई तेच विष चार दिवस माझ्या झाडांच्या डोक्यावर बांधून ठेवणार, आणि पाण्याचा पत्ता नाही!

बारा वाजता भोंगा झाला. बाई डबा घेऊन खोलीत गेल्या. मी विहिरीवरून तांब्या भरून आणला. पहिलं झाड साहेबांच्या खिडकीच्या अगदी समोर होतं, तिथे हिंमत झाली नाही. दुसरं आणि तिसरं तुरीच्या ओळीआड होती. टोप्या सोडल्या, विषारी बोळे काढून मातीत पुरले, शेंडे खळखळून धुतले, साध्या पाण्यात भिजवलेले बोळे बसवले आणि टोप्या होत्या तशा बांधल्या. माझी गाठ कुणाला ओळखू येणार नाही, हात तयार होता. चारही दिवस मी हेच केलं. पकडले गेले असते तर त्याच दिवशी घरी. पण मनात म्हटलं, नोकरी गेली तर दुसरी मिळेल, ही झाडं काही पुन्हा होणार नाहीत.

पाचव्या दिवशी बाईंनी बोळे काढले. आठवड्यात पहिल्या झाडाचे शेंडे काळे पडले. मग फांद्या. पंधरा दिवसांत ते झाड उभं वाळलं.

"बघा!" मी लीलाला म्हटलं. ती माझ्या शेजारच्या ओळीत असायची. "म्हटलं नव्हतं? मारायलाच आलीय ही."

"मग उरलेली दोन कशी जगली गं?"

मी खाली बघून पुढची कळी धरली. बाई वाळलेल्या झाडापाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. डोळे लाल झाले होते. मला वाटलं, नाटक.

उरलेली दोन झाडं महिनाभर रुसली. शेंडे खुंटले, पानं जाड, गडद, सुरकुतलेली यायला लागली. मग आश्विनात तिसऱ्या झाडाच्या एका फांदीवर फूल आलं, आधीच्या फुलांपेक्षा मोठं. मी रोज सकाळी आधी तिथे जायची. तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळाल्या. पण देठ नाही गळला. आठव्या दिवशी तिथे हरभऱ्याएवढं हिरवं काही होतं. पंधराव्या दिवशी बोराएवढं झालं.

बोंड! अगं बाई, बोंड! मी ओरडतच ऑफिसात गेले. साहेब चष्मा न लावताच धावत आले, मातीत बसले आणि दोन बोटांनी त्या बोंडाला नुसता स्पर्श केला. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. आणि मग डोळे पुसून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "कौतिका, खरं सांग. तू काही केलं नाहीस ना?"

खाई त्याला खवखवे. "मी काय करणार साहेब?" म्हटलं, पण आवाज बारीक निघाला. बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

संध्याकाळी सुटी झाल्यावर त्यांनी मला विहिरीपाशी गाठलं.

"कौतिकाबाई, त्या फुलावर तुम्ही अमेरिकन कपाशीचा पराग लावलात का?"

"काय?"

"झाड वाचावं म्हणून. मी समजू शकते. तसं केलं तर क्वचित एखादं बोंड धरतं. पण मग ते बोंड औषधाचं नाही, आणि त्याचा काही उपयोगही नाही."

"माझ्या लेकराची शपथ, मी पराग लावलेला नाही!"

"मग झाडाला हातच लावला नाहीत?"

ह्याची शपथ कशी घेणार? मी घागर उचलली आणि चालू लागले. माझ्यावर संशय! चोर ती, आणि संशय माझ्यावर! रात्रभर मला तिचा रागच येत होता.

दसऱ्यानंतर वरच्या ऑफिसातून चिटणीस साहेब तपासणीला आले. उंच, कडक इस्त्रीचा माणूस. ज्यांच्या सहीने ते पत्र आलं होतं, तेच. आम्हा बायांना ओळीने उभं केलं होतं. त्यांनी वाळलेलं झाड बघितलं, बोंड बघितलं, बाईंची वही चाळली.

"मोघे, औषध एकच, दिवस तेच, झाडं एका बोंडातली. औषधाने झालं असेल तर तिघांचं सारखंच व्हायला हवं. इथे एक जळून गेलं आणि एकाला बोंड! हे औषधाचं काम नाही. हे हाताचं काम आहे." ते आमच्याकडे वळले. "नखं बघा ह्यांची. ह्यांना एक फूल करायला कितीसा वेळ लागतो? कुणाला तरी आपल्या साहेबांना खूश करायचं असेल. बोंड तोडा आणि झाडं उपटा. आजच."

सरनोबत साहेब खाली बघत होते. त्यांनाही तसंच वाटत होतं, दिसत होतं ना मला.

"सर," मोघेबाई पुढे आल्या. "ह्या झाडांना माझ्याशिवाय कुणाचाही हात लागलेला नाही. कामगारांना ह्यात आणू नका. चूक असेल तर माझी लिहा."

"विचार करून बोला. खोटा प्रयोग म्हणून लिहावं लागेल. नोकरीवर येईल तुमच्या."

"लिहा."

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ह्या बाईला पक्कं वाटत होतं की पराग मीच लावला. आणि तरी ती मला पाठीशी घालत होती. माझी कायमची नोकरी जाऊ नये म्हणून स्वतःची घालवत होती. आणि मी चार महिने तिच्या पाळतीवर! मला माझीच इतकी शरम वाटली, की मी ओळीतून पुढे झाले.

"हात माझा लागलाय साहेब," मी म्हटलं.

"कौतिकाबाई!" बाई ओरडल्या.

"बघा, कबूल झाली," चिटणीस म्हणाले.

"पराग नाही लावला. मी धुतलं."

"काय धुतलं?"

मग मी सगळं सांगितलं. आईचं, कळलावीचं, तळपायांच्या लेपाचं, तांब्याचं. चिटणीसांच्या बरोबरचे दोघे फिदीफिदी हसायला लागले. "झाडाचं बाळंतपण!" एक जण म्हणाला.

मोघेबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिटणीसांच्या हातातून वही जवळजवळ ओढून घेतली.

"किती वाजता धुतलंत?"

"बाराचा भोंगा झाला, तुम्ही डबा खायला गेलात, की लगेच."

"रोज? चारही दिवस?"

"रोज. वर साध्या पाण्याचे बोळे ठेवायचे."

"पहिलं झाड?"

"ते खिडकीसमोर होतं. तिथे नाही धुतलं."

बाईंनी वहीतलं पान उलटलं. "आठ ते बारा," त्या पुटपुटल्या. "चार तास औषध, वीस तास विश्रांती." मग वर बघून म्हणाल्या, "सर, पहिलं झाड मी मारलं. मात्रा जास्त झाली. ही दोन ह्यांनी जगवली. म्हणून तिघांचं वेगळं झालं."

"गोष्ट छान आहे," चिटणीस म्हणाले. "पुरावा?"

"बी. बोंड पिकू द्या. बीला मोड आला की मुळाच्या टोकातल्या काड्या मोजता येतात. पराग लावलेला असेल तर आकडा काहीही येईल. औषधाने झालं असेल तर अठ्ठ्याहत्तर."

चिटणीसांनी बोंडावर कापडी पिशवी बांधायला लावली आणि गाठीवर लाखेचं सील केलं. "ही बाई मात्र आजपासून फारमात पाऊल टाकणार नाही. प्रयोगात ढवळाढवळ केली आहे." सरनोबत साहेबांना त्या कागदावर सही करावी लागली. माझ्याकडे न बघता केली त्यांनी. मी खुरपं लीलाजवळ दिलं आणि घरी आले. अकरा वर्षं, आणि एका दुपारी सगळं संपलं.

पाच-सहा आठवडे मी लोकांच्या शेतात वेचणीला गेले. फारमाच्या रस्त्याने जायचंच नाही म्हणून लांबच्या वाटेने जायची. मार्गशीर्षात एके सकाळी लीला धापा टाकत आली. "तुला बोलावलंय. मोघेबाईंनी."

फाटकावर मला पाहुण्यांच्या रजिस्टरात नाव लिहायला लावलं. माझ्याच फारमात मी पाहुणी! प्रयोगशाळेत सरनोबत साहेब होते, चिटणीस होते, आणि खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडलेला. सगळ्यांची तोंडं अशी, की मी म्हटलं, संपलं.

"चार बिया निघाल्या," मोघेबाई म्हणाल्या. "एकीला मोड आणला. आमचं तिघांचं मोजून झालंय."

"किती?"

"सांगणार नाही. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास कुठे बसतो? तुम्ही मोजा."

लोक म्हणतात टोमणा होता तो. मला नाही वाटत. त्यांनी टेबलावर चिंचोक्यांची वाटी ठेवली होती, मोजताना घोळ होऊ नये म्हणून. एक काडी बघायची, एक चिंचोका सरकवायचा. मी स्टुलावर बसले आणि डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग हळूहळू जांभळ्या, बारीक काड्या दिसायला लागल्या, कुणीतरी मूठभर तीळ फेकल्यासारख्या. माझ्या तीन झाडांच्या पोटात हे होतं तर! मी एका कडेने सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी आलं, पदराने पुसलं, पुन्हा लावला. सरकवलेले चिंचोके मोजले.

"सत्त्याहत्तर," मी म्हटलं. एक कमी.

चिटणीस खाकरले. सरनोबत साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"पुन्हा मोजा," मोघेबाई शांतपणे म्हणाल्या.

पुढे जूनमध्ये मला परत कामावर घेतलं, पण वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि कायम व्हायला आणखी नऊ वर्षं लागली. त्या चार बियांची पुढे शेकडो झाडं झाली आणि फारमावर त्यांची वेगळी ओळ पडली. ते राहू द्या. त्या दिवशी मी पुन्हा डोळा लावला. ह्या वेळी घाई केली नाही. अगदी मध्यात एक काडी जरा जाड दिसत होती. नीट बघितलं तर एक नव्हती, एकीवर एक पडलेल्या दोन होत्या.

मी एक चिंचोका आणखी सरकवला. आणि खात्री करायला तिसऱ्यांदा मोजायला लागले. मोघेबाई केव्हाच्या माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही.